डोमनलालच्या बदकाचा परवाना

“येत्या इतवारी तुले आपल्याच तलावात नावेतून फिरवतो. नाही फिरवलं तं ही मिशी उतरवून तुया हातात देईन,” असं डोमनलाल बायकोला म्हणाला, तेव्हा त्याच्या तोंडात भाताचा घास होता आणि डोक्यात काहीही नव्हतं.

झालं होतं असं, की रामकलीच्या बहिणीनं, जमुनाबाईनं, नवेगावबांधच्या तलावात नावेत बसून फोटो पाठवला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, शेजारी तिचा जावई. रामकली तो फोटो बघून हसत एवढंच म्हणाली, “अजी, तुमी मले जन्मभर बैलबंडीतच बसवलं.” तिनं भांडण काढलं असतं तर डोमनलालनं निभावून नेलं असतं. पण ती हसली, आणि ते त्याला फार लागलं. या बाईनं संसारात कधी काही मागितलंच नव्हतं. मागितलं असतं तर तो कधीच ‘नाही’ म्हणून मोकळा झाला असता!

दुसऱ्याच दिवशी तो गोंदियाला गेला आणि भंगारवाल्याकडून नाव घेऊन आला. कुठल्याशा बंद पडलेल्या बागेतली, पायडल मारून चालवायची, बदकाच्या आकाराची. बदकाची चोच तुटलेली होती आणि एक डोळा पुसलेला, त्यामुळे ते अख्ख्या कामठा गावाला डोळा मारत आलं. टेम्पोतून उतरवून ते तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर ठेवलं, तोच मच्छीमार सोसायटीचा उदाराम आडवा आला.

“परवाना हाय का?”

“कायचा परवाना? बदकाले?”

“पाण्यात उतरते ते नाव, अन् नावेले परवाना लागते. ग्रामपंचायतीत कागद आला हाय.”

“तुयावाला डोंगा तं बापाच्या काळापासून चालून राहिला.”

“तो पोटासाठी चालते गा. पोटाचा कागद सोसायटीत हाय. तुयं काम शौकाचं. शौकाचा कागद गोंदियात भेटते.”

डोमनलाल पुन्हा गोंदियाला. तिथल्या कचेरीत कैलाश नावाचे निरीक्षक भेटले. माणूस भला, फक्त नियम सांगायची वेळ आली की डोळे मिटून घ्यायचा.

“देखो काका, सीधी बात आहे. नाव पाण्यात तरंगताना तपासावी लागते. सवारी बसवून. त्यानंतर परवाना.”

“मंग या ना इतवारी. तलावात उतरवून ठेवतो.”

“परवान्याशिवाय तलावात उतरवली तर दंड.”

“अन् परवाना?”

“तरंगल्याशिवाय नाही.”

“म्हंजे साहेब, पोहता आल्याबिगर पाण्यात पाय टाकाचा नाही?”

“एकदम सही समझे,” साहेब डोळे मिटूनच म्हणाले.

डोमनलाल मिशीवरून हात फिरवत बसमध्ये बसला. तिला निरोप द्यायची तयारी मनात सुरू झाली होती. पण बस मुर्रीच्या पुढे निघाली आणि त्याला खिडकीतून दोन्ही अंगांना पाणीच पाणी दिसलं. भाताच्या रोवणीचे दिवस. चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेल्या धानाच्या बांध्या काठोकाठ भरलेल्या. तलावाच्या पाळीखाली त्याची स्वतःची बांधी होती, चिखलणी करून तयार. जमीन आपली, पाणी आपलं, त्यात बदक आपलं. सरकार काय करणार? त्यानं तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेबांनी बहुतेक डोळे मिटले असावेत, कारण फोनवर नुसते नियम पुटपुटल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, “मना तो नहीं है कहीं. येतो.”

इतवारी रोवणी करणाऱ्या बाया हातातली रोपं तशीच धरून धुऱ्यावर उभ्या राहिल्या. रामकली ठेवणीतलं लुगडं नेसून आली. बुडू नये म्हणून डोमनलालनं तिच्या कमरेला दोन वाळके भोपळे बांधले. बदक बांधीत सोडलं तेव्हा ते खरंच तरंगलं, गुडघाभर पाण्यात का होईना. मग सवारी म्हणून रामकली बसली, तपासणीला साहेब बसले, पायडल मारायला डोमनलाल बसला, आणि बदकही बसलं. अंड्यावरच्या कोंबडीसारखं बसलं. पायडल मारावं तर चिखल उडून साहेबांच्या शर्टावर जायचा.

“तरंगत नाही, काका.”

“अडकली हाय, साहेब. थांबा, चार हात ओढून देतो.”

शेजारच्या बांधीत सकाळपासून त्याचे बैल चिखलणी करत होते. त्यानं त्यांचं अवजार सोडलं आणि दोर बदकाच्या मानेला बांधला. इथेच चुकलं. अवजार सुटलं म्हणजे सुट्टी झाली, आणि सुट्टी झाली म्हणजे तलावात धुवायला जायचं, हे त्या बैलांना वेगळं सांगावं लागत नसे. ते रोज आपले आपणच जायचे. आजही निघाले.

डोमनलाल “हो, हो” करत मागे धावला. आपल्याला घाई करायला सांगतायत, असं समजून बैल आणखी जोरात निघाले. बदक धुऱ्यावरून उडालं, गुरांच्या वाटेनं पाळ चढलं आणि पलीकडची उतरण उतरून धपकन तलावात पडलं. रामकलीनं बदकाची मान धरली होती आणि साहेबांनी रामकलीचा भोपळा!

बैल पोहत पुढे, बदक झोकात मागे. रामकलीनं आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग हात पाण्यात घालून बघितला आणि लहान मुलीसारखी ओरडली, “अजी, पाहा ना! मी नावेत हावो!”

पाळीवर पोचलेल्या डोमनलालच्या मिशीला चिखल होता आणि डोळ्यांत पाणी. त्याला इतका आनंद झाला, की बैलांना हाक मारायचं तो विसरूनच गेला. उदाराम मात्र काही विसरला नव्हता. त्यानं काठावरून शांतपणे विचारलं, “साहेब, परवाना हाय का?”

साहेबांनी डोळे मिटले. बदकाची एक फेरी झाल्यावर म्हणाले, “तपासणी चालू आहे.”

परवाना आला तो थेट पोळ्याच्या दिवशी. जमुनाबाईही काळा चष्मा घेऊन बहिणीकडे आली होती. तिच्यासमोर डोमनलालनं ऐटीत बदक पाळीवर आणलं. उदारामनं परवाना हातात घेतला, वाचला आणि बदकापुढे आडवा उभा राहिला. साहेब भले होते. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं तेच इमानदारीनं लिहिलं होतं: नाव चालवण्याचं साधन, बैल, दोन.

म्हणजे बैलांशिवाय बदकाला पाण्यात बंदी. आणि पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपणारा माणूस कामठ्यात अजून जन्मला नव्हता.

“असू दे वो बाई,” रामकली बहिणीला म्हणाली. “नवरी होऊन आली तं बैलांनीच आणलं. नावेत बसली तं बैलांनीच फिरवलं. यांनी निस्ती मिशी डावावर लावली होती.”

आणि पुरणपोळीचं ताट तिनं डोमनलालच्या नाकासमोरून नेऊन बैलांपुढे ठेवलं.