कौसा सायाळ आणि दुसरी खूण

एका जंगलात कौसा नावाची एक सायाळ राहत होती आणि तिला जगातली एकच गोष्ट येत होती. हसू नका, बाळांनो. तुमच्या ओळखीच्या पुष्कळ मोठ्या माणसांना तेवढीही येत नाही.

त्या जंगलातली प्रत्येक सायाळ नाकात एकच वास घेऊन जन्माला यायची. एकीला कोल्ह्याचा, दुसरीला अजगराचा. कुणी शिकवलेला नसायचा. बहुतेकींना आपला वास जन्मात भेटायचा नाही. त्या बिचाऱ्या बिळाच्या तोंडाशी बसून म्हाताऱ्या व्हायच्या. कौसाच्या नाकात तरसाचा वास होता आणि त्या जंगलात तरस कुणी पाहिलंही नव्हतं. शेजारणी तिची कीव करायच्या.

एके दिवशी सकाळी तो वास आला.

कौसाच्या अंगावरचे सगळे काटे ताठ झाले. सशांच्या बिळाशी एक तरस आरामात बसून खात होतं. यमू सशिणीची सात पिल्लं होती, ती सहा झाली होती. कौसा धावत गेली आणि तिने तरसाच्या शेपटीचा लचका तोडला.

"अगं, काटे सोड की!" यमू ओरडली.

"सोडते गं. पण आधी खूण आणायला हवी."

आता हा नियम समजून घ्या. शत्रू ओळखला म्हणून लगेच काटे सोडायचे नाहीत, असा सिंहमहाराजांचा हुकूम होता. सायाळीने शत्रूचा तुकडा तोडायचा, चावून बारीक करायचा, पळसाच्या पानावर मांडायचा आणि तळ्यावर न्यायचा. तिथे मदतनीस बगळे रांगेने उभे असत. त्यांचंही ज्ञान अफाट. प्रत्येकाला एकच तुकडा ओळखता यायचा. ज्याला ओळख पटेल त्याने सायाळीच्या कपाळावर चोच टेकवायची. वास ही पहिली खूण, ही दुसरी. ती मिळाली की एका सायाळीच्या हजार सायाळी व्हायच्या. दिवस मावळायच्या आत नाही मिळाली, तर तिचं नाक कायमचं बधिर व्हायचं.

मदतनीस म्हणजे मदत करणारा, असं तुम्हाला वाटलं असेल. तुम्ही लहान आहात.

कौसा तळ्यावर पोचली. मागोमाग यमूही आली.

"तरस आलंय, काका! एवढा तुकडा बघता का?"

पहिल्या बगळ्याने एक डोळा उघडला. "हे आमच्याकडे येत नाही."

"मग कुणाकडे येतं?"

"तेही आमच्याकडे येत नाही."

दुसऱ्याने मान वळवली. तिसरा ध्यानात होता. विसावा म्हणाला, "उद्या या." चाळिसावा फार विचारी होता. तो म्हणाला, "तरसाचीही काही बाजू असेल की. ती ऐकून घेतली का?"

यमू बिळाकडे जाऊन आली. "चार राहिली, कौसाताई."

दुपार कलली. कौसाला तो वास फिका येऊ लागला. सारा जन्म एका वासाची वाट पाहिली, आणि तो आला तर नाकच जायला निघालं. तिला रडू कोसळलं. आपण पिल्लांसाठी रडतोय की स्वतःसाठी, हे तिचं तिलाच कळेना.

रांगेच्या शेवटी धोंडोपंत बगळे उभे होते. कौसाने पंजावरचा तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"पान कुठंय?"

"वाऱ्याने उडालं हो. पण तुकडा तोच आहे."

"पानाशिवाय आम्हाला दिसत नाही."

कौसा पळसापर्यंत धावत गेली आणि पान घेऊन आली. तेवढ्यात यमूही परत आली. "दोन," ती म्हणाली.

धोंडोपंतांनी तुकडा उजव्या डोळ्याने पाहिला. मग डाव्या डोळ्याने पाहिला. मग पाय बदलला. "तरस," ते म्हणाले. "मी जन्मापासून ओळखतो."

"मग मी सकाळपासून तरस तरस म्हणून ओरडतेय, तेव्हा बोलला का नाहीत?"

"रांग मोडून?" धोंडोपंतांना खरोखर धक्का बसला.

चोच टेकली. एका कौसाच्या दोन झाल्या, दोघींच्या चार. बघता बघता तळ्याचा काठ सायाळींनी भरून गेला. सगळ्या बिळाकडे धावल्या, काटे सुटले आणि तरसाची चाळण झाली. यमूचं एक पिल्लू उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. धोंडोपंतांना शाल आणि श्रीफळ मिळालं. हजार सायाळींपैकी बहुतेक काटे संपून मरायला टेकल्या होत्या. त्यांना काही देण्यात अर्थ नव्हता. मूळच्या कौसाला मात्र सांगण्यात आलं, "तू बिळात बसायचं आणि हा वास लक्षात ठेवायचा."

"महाराज, पुढच्या वेळी तरी थेट काटे सोडू का?" कौसाने विचारलं.

सिंहमहाराज गंभीर झाले. "एका सायाळीला एकदा अशीच खात्री वाटली होती. तिने काटे सोडले. समोर आमचे युवराज होते. म्हणून हा नियम."

कौसा चपापली. खात्री तर तिलाही वाटली होती.

"आणि नियम केल्यापासून?" मागून यमूने विचारलं.

"त्यानंतर एकाही राजपुत्राला काटा लागलेला नाही," महाराज म्हणाले.

दरबाराने टाळ्या वाजवल्या. बगळ्यांनी सर्वांत जास्त वाजवल्या. यमूने आपलं पिल्लू उचललं आणि ती निघून गेली.

तात्पर्य: धीराचं फळ गोड असतं. फक्त धीर धरणाऱ्याची पिल्लं वेगळी असावीत आणि खाल्ली जाणारी वेगळी.