साळवे काकांचा जनरल

साळवे काका चालताना कधीही मागे वळत नाहीत. बोलण्याच्या नादात किराणा दुकान जरा मागे राहिलं, तर तुम्ही-आम्ही वळतो. काका सरळ चालत राहतात, पाण्याच्या टाकीला वळसा घालतात, बुद्धविहारामागून येतात आणि दुकानाला दुसऱ्या बाजूने भिडतात. एकदा भर उन्हात पावशेर साखरेसाठी त्यांनी अशी अख्ख्या कॉलनीला प्रदक्षिणा घातली. मी फाटकातून म्हटलं, "अहो काका, दुकान मागंच होतं की!"

"म्याडम, आमचा जनरल बी वळत नव्हता," म्हणाले आणि निघाले.

हा जनरल अमेरिकेतल्या यादवी युद्धातला. त्याचं नाव काका दरवेळी वेगळं उच्चारतात, म्हणून मी ते लिहायच्या भानगडीत पडत नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना त्याचं चरित्र सापडलं. काकू नुकत्याच वारल्या होत्या, मुलगी पुण्याला दिलेली. मांडीवर शब्दकोश घेऊन काकांनी त्या जाडजूड इंग्रजी पुस्तकाचा फडशा पाडला, आणि आता ते आम्हा शेजाऱ्यांना तोंडपाठ झालंय.

जनरलच्या बापाचा कातडी कमावायचा धंदा. पोराला त्याचा तिटकारा. त्यानं फौजेत नोकरी केली, ती सोडली. शेती केली, ती बुडाली. शेवटी बापाच्याच दुकानात कातडी विकत उभा राहिला. मग युद्ध पेटलं आणि हाच फुकट गेलेला माणूस सगळ्या फौजांचा मुख्य झाला. गुलाम बाळगणाऱ्यांना त्यानं गुडघ्यावर आणलं. इथं आलं की काकांचा आवाज हमखास चढतो.

"आमच्या आज्यानं बी मेलेली ढोरं वढायचं सोडलं, तवा गाव अंगावर आलं व्हतं. पर सोडलं म्हंजी सोडलं. वळायचं नाय!"

मी सोयगावकडची, शेतकरी घरातली. अंगावर येणारं गाव म्हणजे आमच्यासारख्यांचंच, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. अशा वेळी मी हातातलं काम ठेवून ऐकते.

बाकी वेळी मात्र हसू आवरत नाही. एवढ्या लढाया मारल्या, पण ताटातल्या मटणाला जरा लाली दिसली की जनरलला म्हणे मळमळायचं. म्हणून काकाही मटण पार करपेपर्यंत शिजवतात. मी ते खाल्लंय. दात शाबूत आहेत, यापलीकडे त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

काकांची स्वतःची यादवी पेटली ती फ्लेक्सवरून. भीमजयंतीच्या फ्लेक्सवर वरच्या ओळीत समितीचे पदाधिकारी आणि खाली 'शुभेच्छुक', हा आमच्याकडचा कायदा. छापणाऱ्याला वर जागा पुरली नाही, म्हणून त्यानं उपाध्यक्षाचा फोटो खाली ढकलला. उपाध्यक्ष म्हणजे प्रल्हाद, काकांचा मेव्हणा, काकूंचा धाकटा भाऊ. काका समितीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "फुडच्या साली वर घेऊ." प्रल्हाद म्हणाला, "फुडच्या साली माझा येगळाच फ्लेक्स!"

झालं. एका गल्लीत दोन समित्या झाल्या. चार घरं सोडून राहणारा आणि रोज संध्याकाळी चहाला येणारा मेव्हणा दार चुकवून जाऊ लागला. काका चहाच्या वेळेला अंगणात दोन खुर्च्या टाकत आणि एकीवर बसून पुस्तक वाचत. दुसरीवर मी कधी बसले, तर उठा म्हणत नसत, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे असायचं.

यंदा दोन्ही मिरवणुका एकाच संध्याकाळी निघणार होत्या. आधी चौकात पोचेल तीच खरी समिती, असं पोरांनी ठरवून टाकलं. काकांनी अंगणात खडूनं नकाशा काढला.

"येढा घालायचा, म्याडम. रसद तोडायची!"

बिडकीनचं ढोलपथक त्यांनी प्रल्हादच्या आधी गाठलं. मंडपवाल्याचा जनरेटरही आधीच सांगून ठेवला. आणि गल्लीच्या तोंडाशी खिचडी आणि गार ताक मांडलं, सगळ्यांसाठी, शत्रूसुद्धा धरून. एप्रिलचं ऊन ते! प्रल्हादचा एकेक शिपाई ताकाला आला आणि आमच्या ढोलापाशी रेंगाळला. दिवेलागणीला काकांच्या मागे सगळी कॉलनी होती, निळे झेंडे होते, लेझीम घेऊन माझ्या शाळेतल्या मुली होत्या आणि मीसुद्धा. प्रल्हादकडे उरला सजवलेला टेम्पो आणि त्याचा ड्रायव्हर.

असा दणदणीत विजय मी जन्मात पाहिला नव्हता. पोरांना चेव आला. टेम्पोला घेरा घालून एक जण ओरडला, "वाजवा रे, ह्याच्या कानापाशी वाजवा!"

काकांनी हात वर केला. ढोल थांबले.

"बस! हारला, इषय संपला. आपलाच माणूस हाय त्यो." मग घाम पुसत मला म्हणाले, "जनरलनं बी जिकल्यावर सोताच्या तोफा गप केल्या व्हत्या. हारलेल्यायला सांगितलं, घोडे घिऊन घरी जा, पेरनीचे दिवस हायती."

ते टेम्पोपाशी गेले. "प्रल्हाद, टेम्पो फुडं घे. आमी तुझ्या मागं येतो."

प्रल्हाद मान खाली घालून बसला होता. तो उतरला, पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाला, "दाजी, पानी घ्या आधी. दिवसभर उन्हात हिंडताय."

काका म्हणणारे त्यांना पुष्कळ. जनरल म्हणून चिडवणारे त्याहून जास्त. काकूंच्या माहेरचं, दाजी म्हणणारं माणूस हे एकच उरलं होतं. काकांनी बाटली तोंडाला लावली आणि मान वर करून तशीच धरून ठेवली. पाणी केव्हाच संपलं होतं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे लागल्या. मग मीच ढोलवाल्यांना ओरडून सांगितलं, "वाजवा आता! जोरात वाजवा!"