साळूबाईचं 'नको'

एका जंगलात, मुलांनो, सकाळी उठावं तर बिळाच्या तोंडाशी क्रेडिट कार्ड पडलेलं असे. कोणी मागितलेलं नसे. कोल्ह्याच्या पेढीचे कावळे ते टाकून जात.

कार्डाचं करायचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. पण ते घरात आलं की फी सुरू होई. दर महिन्याला टोपलीभर कंद.

साळूबाई साळिंदरिणीने उन्हाळ्यापुरते कंद साठवले होते. पदरी दोन पिल्लं. टोपल्या अशाच जात राहिल्या तर पिल्लं वैशाखात खाणार काय? ती सिंहाकडे गेली.

सिंह दयाळू होता. निदान त्या दिवशी त्याचं जेवण झालेलं होतं. त्याने कायदा केला: जो 'नको' म्हणेल, त्याला कार्ड देऊ नये.

साळूबाई पेढीवर जाऊन 'नको' म्हणाली.

कोल्हा म्हणाला, "अहो वहिनी, पहिलं 'नको' कोणी खरं धरतं का? पाहुणा लाडवालासुद्धा आधी नकोच म्हणतो." आणि त्याने आणखी एक कार्ड तिच्या हातात ठेवलं.

कायदामंत्री अस्वल होतं. त्याला हे पटलं. (थोडंसं मलाही पटतं, हीच पंचाईत आहे.) त्याने कायद्यात तांत्रिक दुरुस्ती केली. 'नको' या शब्दाऐवजी 'नको, नको' असे वाचावे.

साळूबाई दोनदा म्हणाली. कोल्हा म्हणाला, आता तर आग्रह करायलाच हवा. आणखी एक कार्ड आलं.

अस्वलाने पुन्हा दुरुस्ती केली. 'नको, नको' यापुढे 'खरंच नको' हे शब्द घालावेत. साळूबाईने तेही म्हटलं. पण पोट भरलेला पाहुणाही हेच म्हणतो आणि मग अर्धा लाडू घेतो. म्हणून तिला अर्ध्या मर्यादेचं कार्ड मिळालं.

कंद तळाला गेले. साळूबाईने अस्वलाला विचारलं, की जो स्वतःहून मागतो, त्याच्यासाठी कायदा काय म्हणतो? अस्वल म्हणालं, त्याची चौकशी करावी लागते.

ती तडक पेढीवर गेली. "भावोजी, मला कार्ड हवंय. आजच हवंय."

कोल्ह्याचं हसू मावळलं. "कशाला?"

"घरात खायला नाही."

"मिळकत?"

"काटे आहेत अंगावर."

कोल्ह्याने अर्ज नामंजूर केला. शिवाय धोका नको म्हणून तिची जुनी सगळी कार्डं काढून घेतली आणि शेजारच्या जंगलातल्या पेढ्यांनाही सावध केलं.

दुसऱ्या दिवशी पेढीसमोर रांग लागली. ससे, हरणं, रानडुकरं कार्ड मागत होती आणि नकार मिळाला की उड्या मारत घरी जात होती.

रांगेत अस्वल तेवढं नव्हतं. त्याला मागायचा संकोच वाटे. ते अजून 'नको, नको, खरंच नको' म्हणतं, आणि त्याच्या गुहेत आता त्यालाच झोपायला जागा उरलेली नाही.

तात्पर्य: जी गोष्ट मुळीच नको असेल, ती रीतसर अर्ज करून मागावी. मात्र पेढी हुशार आहे ना, हे आधी पाहून घ्यावं. भोळी असली तर खरंच देऊन बसेल.