सखूचं स्थळ

भाड्याचं घर बघायला जाताना पेढे नेणारा माणूस मी अख्ख्या बर्मिंगहॅममध्ये एकच पाहिला. बापट. आणि घर बघायचं ते कुत्रीसाठी. स्वतःला म्हणे कुठंही चालेल.

बापट माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले. मूळचे साताऱ्याचे, पन्नाशीचे, एकटे. प्राण्यांच्या शेल्टरमधून आणलेली सखू नावाची स्पॅनियल कुत्री, एवढाच संसार. घरमालकानं घर विकायला काढलं आणि दोघं आमच्या सिटिंग रूममध्ये मुक्कामाला आली. आमच्या भाडेकरारात कुत्रा चालत नाही, आणि शनिवारी एजंट इन्स्पेक्शनला येणार होता. तोवर घर मिळालं नाही तर सखूची रवानगी परत शेल्टरमध्ये. "म्हातारी, त्यात फिट येणारी. कोण नेणार हिला?" बापट म्हणायचे.

पेपरातल्या जाहिरातींखाली सगळीकडे तेच, नो स्मोकर्स, नो पेट्स. त्यातून एखादा मालक तयार झालाच, तर बापट कोट चढवायचे, सखूला विंचरायचे, सोहो रोडवरून पेढे आणायचे. "वहिनी, स्थळ बघून येतो." आणि तिथं जाऊन मुलीच्या दोषांचा पाढाच वाचायचे! पोस्टमनवर भुंकते. एकदा सोफा फाडलाय. फिट येते. "नंतर फसवलं म्हणायला नको हो." फिट म्हटलं की मालक पेढा तोंडात टाकून दार लावून घ्यायचा.

मी अगदी वैतागले होते. सखूचे केस माझ्या वरणातसुद्धा सापडायला लागले होते.

शुक्रवारी हॅन्ड्सवर्थमधलं एकच घर उरलं. मी स्वतः गाडी काढली. "अहो बापट, आज तोंड उघडायचं नाही. फिटचं तर अवाक्षर नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

"बरं, वहिनी."

मालकीणबाई पंजाबी, सत्तरीच्या. खाली त्या राहायच्या, वरचा मजला भाड्याला. सखू सरळ त्यांच्या पायाशी जाऊन बसली. बाई हसल्या. चहा झाला, पेढे झाले. बापट हूं की चूं नाही. शेवटी बाईंनी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

बापट जागचे हलेनात. चला हो, निघा आता, मी मनातल्या मनात ओरडत होते.

"जी, एक बात है," बापट म्हणाले. "इसको फिट आती है."

झालं! मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. "कशाला बोललात? किल्ली हातात होती ना?"

बापट माझ्याकडे वळले. "आमच्या ताईलाही यायची, वहिनी. लग्न ठरवताना घरच्यांनी लपवलं. सासरी गेली आणि एक दिवस आली फिट. काय करायचं, कुणाला ठाऊकच नव्हतं. घाबरून सगळे खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. गेली ती."

बाईंना आमचं मराठी किती कळलं, देव जाणे. बापटांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि सखूचा पट्टा उचलला.

बाईंनी किल्ली परत त्यांच्याकडे सरकवली. "तुम ऑफिस में रहोगे," त्या म्हणाल्या, "और इसको यहाँ फिट आ गई, तो मैं क्या करूँ? बताओ."

बापट मटकन खालीच बसले, सखूशेजारी. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागले. खुर्च्या बाजूला करायच्या. तोंडात काही घालायचं नाही. थांबेपर्यंत नावानं हाक मारत राहायचं. बाई मान डोलावत होत्या. सगळं सांगून झालं तरी बापट थांबेनात. डोळ्यांना धार लागली होती आणि हिंदी केव्हाच सुटली होती.

"घाबरून बाहेर जाऊ नका हो," ते म्हणाले. "तिला एकटीला टाकून बाहेर जाऊ नका."

"नहीं जाऊँगी, पुत्तर," बाई म्हणाल्या.