कोटाची पाठ

बुधवारी सकाळी काकूंनी शिवणाच्या कपाटाचा खालचा खण उघडला, बंद केला, आणि आपण चुकून दुसराच उघडला असेल या आशेने पुन्हा उघडला. खण तोच होता.

"अहो, हेडबाईंच्या कोटाची पाठ कुठंय?"

टाचणीसाहेब स्वयंपाकघरात मैद्याची खळ ढवळत होते. "बाईंच्याच अंगावर असेल. कोटाची पाठ काय कुणी घरी काढून ठेवून जातं?"

"कापडाची नाही, कागदाची. खाकी कागद. बेतायचा."

खळ अखंड ढवळावी लागते, नाहीतर गुठळ्या होतात. त्या दिवशी झाल्या.

टाचणीसाहेबांना हे नाव ऑफिसाने दिलेलं. चौतीस वर्षं ते रेकॉर्ड विभागात होते आणि त्यांच्या हातून टाचणी न लागता एकही कागद पुढे गेला नव्हता. निवृत्त झाल्यावर टाचायला काही उरलं नाही, तेव्हा ते घरातल्या किराण्याच्या याद्या टाचू लागले. काकूंनीच मग त्यांना हाताला धरून चौकापलीकडच्या बाइंडरकडे नेऊन बसवलं. या बाइंडरला सगळं गाव उस्ताद म्हणे. उस्तादांनी त्यांना कागदाची घडी घालायला, दाभणाने भोकं पाडायला आणि दोरा ओवायला शिकवलं. चौथ्या महिन्यात त्यांनी घरी सहा वह्या बांधल्या आणि सहा घरी भेट दिल्या. उस्तादांना मात्र एकही दाखवली नाही. थेट सातवी दाखवायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

उस्तादांचा एक नियम होता. "वहीच्या पाठीला आतून कागदाची पट्टी लावायची, पण कोरा कागद नको. कोरा कागद नव्या जावयासारखा, अकडून बसतो. हाताळलेला, घड्या पडून मऊ झालेला बघा."

टाचणीसाहेबांनी घरभर पाहिलं. खालच्या खणात, अगदी तळाशी, त्यांना हवा तसा कागद सापडला. जाड, खाकी, पंधरा वर्षांच्या घड्यांनी लोण्यासारखा मऊ झालेला. त्यांनी तो रीतसर तपासला. वर तारीख नाही, सही नाही, जावक क्रमांक नाही, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. असे कागद चौतीस वर्षं त्यांनी 'नष्ट करण्यास हरकत नाही' असा शेरा मारून निकालात काढले होते. वरच्या भागातून त्यांनी दोन-दोन इंचांच्या सहा आडव्या पट्ट्या कापल्या, उरलेला कागद नीट घडी घालून कपाटाच्या वर ठेवला, आणि अशा रीतीने हेडबाईंची पाठ मानेपासून काखेपर्यंत सहा वह्यांत वाटली गेली.

हे सगळं त्यांनी सांगितलं. काकू स्टुलावर बसल्या.

"हेडबाई कोण आहेत, माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. हेडबाई मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ते त्यांना कुणी अजून पटवून देऊ शकलं नव्हतं. काकूंच्या त्या पहिल्या गिऱ्हाईक. त्यांचा कोट बघून बाकीची आली. पंधरा वर्षांपूर्वी माप देताना त्यांनी बजावलं होतं, "हे माझं माप. शेवटचं. पुन्हा अंगाला टेप लागायचा नाही." तेव्हापासून दर वर्षी नवं कापड येई आणि त्याच कागदावर कोट बेतला जाई. यंदा शनिवारी त्या कुठल्याशा वाचनालयाच्या समारंभाला प्रमुख पाहुण्या होत्या.

"त्यांचा जुना कोट मागून आणू," टाचणीसाहेब म्हणाले.

"आणि कशाला म्हणून सांगू? नवऱ्यानं तुमची पाठ चिकटवून टाकली म्हणून?" काकू उठल्या. "शुक्रवारपर्यंत सहाच्या सहा पट्ट्या मला या टेबलावर दिसल्या पाहिजेत. नाहीतर ही खळ, ते दाभण आणि तो वह्या दाबायचा शिकंजा, सगळं भंगारात जाईल."

"शिकंजा उस्तादांचा आहे."

"मग उस्तादांना घेऊन जाऊ दे."

टाचणीसाहेब पिशवी घेऊन निघाले. दिलेली भेट परत मागायची कशी, याचा विचार करत ते आधी डॉक्टरांकडे गेले. विचाराची गरज पडली नाही.

"मीच फोन करणार होतो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टेबलाच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. वही त्यात तीन निरनिराळ्या भागांत होती. "दोन दिवस काढले तिने. शेवटी फार त्रास नाही झाला."

न्हाव्याकडे वहीचा पुठ्ठा वारा घालायच्या कामी आला होता. "पुठ्ठा एक नंबर आहे साहेब. आतलं सामान आपोआप सुटलं." समोरच्या घरातल्या मावशींनी वही परत करायला उचलली तेव्हा पानं खाली राहिली आणि पाठ तेवढी हातात आली. दुपारपर्यंत तीन पट्ट्या जमल्या. आपली तीन बाळंतपणं इतक्या सहज सुटावीत याचा आनंद मानावा की काय करावं, हे टाचणीसाहेबांना कळेना. खालच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "कारण विचारत नाही. न्याच." चार झाल्या.

पाचवी त्यांच्या थोरल्या बहिणीकडे होती. अक्काने ती रेशमी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली होती.

"एकदाही उघडली नाही रे," ती म्हणाली.

"का गं?"

"सुटेल म्हणून."

"सुटायचीच आहे ती. दे इकडे."

"हे तुझं लहानपणापासनं असंच. भोवरा द्यायचा आणि रडून परत न्यायचा."

संध्याकाळी काकूंनी पाच पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून सोडवल्या, दोरीवर वाळत घातल्या, इस्त्री केली आणि टेबलावर एकाखाली एक मांडल्या. मग टेप लावून बघितला आणि नवऱ्याकडे बघितलं. प्रत्येक पट्टी थोडीथोडी वाढली होती. कुठली दोरा-दोन दोरे, कुठली चांगली बोटभर. पाठीच्या कडेला आता पायऱ्या पडल्या होत्या.

टाचणीसाहेब धावत उस्तादांकडे गेले. उस्तादांनी डोकंही वर केलं नाही. "भिजला की कागद फुगतो. वाळल्यावर आखडतो, पण होता तिथं परत येत नाही. तुमच्या घरी एवढा कागद भिजतोय कशाला?"

"सहज," टाचणीसाहेब म्हणाले.

तरी काकूंनी अंदाजाने चार पट्ट्या जमवल्या असत्या, पाचवीही जमवली असती. पण कोटाचं सगळं इंगित काखेत असतं, आणि काखेची पट्टी सहाव्या वहीत होती. ही वही कुठे आहे, हे काकूंना आठवलं तेव्हा त्यांनी टेप हातातून खाली ठेवला. ती त्यांनी स्वतःच, नवऱ्याचं कौतुक म्हणून, हेडबाईंना दिली होती.

शुक्रवारी सकाळी दोघे हेडबाईंकडे गेले. वाटेत ठरलं होतं की बोलायचं टाचणीसाहेबांनी. वह्यांची तपासणी चालू आहे, दोन दिवसांत परत आणून देतो, एवढंच.

"तपासणी कशाला?" हेडबाई म्हणाल्या. वही त्यांच्या पुढ्यातच होती आणि उद्याचं भाषण तिच्यात अर्धं उतरलं होतं. "उत्तम वही आहे. टेबलावर सपाट राहते. दुकानातल्या वह्या सारख्या मिटतात."

"सपाट राहते?" टाचणीसाहेब पुढे सरकले. "मधल्या पानांवर पण?"

"कुठल्याही."

"बघू. पाठ कुरकुरते का? आणि शिवण सैल..."

काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला. भानावर येऊन टाचणीसाहेबांनी वही उचलली आणि बोलता बोलता, सहज केल्यासारखं, पाठीखाली नख घातलं. पाठ हलेना. त्यांनी जोर लावला. सहा वह्यांत नेमकी हीच त्यांना साधली होती. ते घामाघूम झाले, आणि चेहऱ्यावरचं हसू मात्र काही केल्या जाईना.

"हे माझ्या वहीचं काय करताहेत?" हेडबाईंनी काकूंना विचारलं. पंचवीस वर्षं याच आवाजात त्यांनी मुलींकडून चिंचा बाहेर काढल्या होत्या. काकूंनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तो कागद गेला," हेडबाई म्हणाल्या.

"पाच पट्ट्या आहेत. फक्त काख तेवढी तुमच्या वहीत आहे."

"दुसरा कुठे उतरवून ठेवलेला नाही?"

"नाही हो," काकू म्हणाल्या.

हेडबाईंनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. "नक्की ना?" त्यांनी हळूच विचारलं. "बरं झालं बाई. दहा वर्षं त्या कोटात मला हात वर करता आला नाही. फळ्यावर लिहायची ते खांद्याच्या खाली. मुली म्हणायच्या, बाई आमच्यासाठी वाकतात."

"मग बोलायचं नाही का?"

"कुठल्या तोंडानं बोलू? शेवटचं माप म्हणून मीच बजावलेलं."

"आणि मला दर वर्षी दिसत होतं," काकू म्हणाल्या, "पण तुमच्यापुढे टेप काढायची छाती कुणाची?"

टाचणीसाहेबांना बाहेर पाठवण्यात आलं. ते व्हरांड्यात वही मांडीवर घेऊन बसले आणि तिची पाठ कुरवाळत राहिले. आतून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. दोनदा तर बराच वेळ आला. अर्ध्या तासाने काकू बाहेर आल्या, हातात नव्या मापाची एक घडी घातलेली चिठ्ठी.

"उद्या दुपारपर्यंत कोट देते," त्या म्हणाल्या. "पण हा आकडा ठेवू कुठे?"

"खणात नको," हेडबाई म्हणाल्या. "खणातलं काय होतं ते कळलं. साहेब, ही एका वहीच्या पाठीत घालून चिकटवा. कुणाच्या नजरेला पडता कामा नये."

"आणि पुढच्या वर्षी लागेल तेव्हा?" काकूंनी विचारलं.

"तेव्हा सुटली पाहिजे. बरोबर एक वर्षानं."

भंगाराचा विषय परतताना निघाला नाही. उलट कोपऱ्यावर काकूंनी आपण होऊन दोन किलो मैदा घेतला.

टाचणीसाहेब तडक उस्तादांकडे गेले. सातवी वही कशी हवी ते त्यांनी समजावून सांगितलं: वर्षभर घट्ट राहायची आणि मग एका हिसक्यात पाठ सोडायची. उस्तादांनी सुई खाली ठेवली.

"साहेब, मी चाळीस वर्षं न सुटणाऱ्या वह्या बांधतोय. सुटणारी कधी बांधली नाही. तुम्ही बांधल्यात?"

"पाच," टाचणीसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

उस्ताद उठले, आपलं स्टूल झटकलं आणि त्यांच्याकडे सरकवलं. "मग बसा इथं. दाखवा मला, कसं करायचं."