साळूबाईचा सावलीचा वसा

एका जंगलात, बाळांनो, नदीकडच्या उतारावर साळूबाई नावाची साळिंदरीण राहत होती. मोठी भाविक. आठवड्याचे सगळे वार करी. एखादा वार उपासाविना गेला, तर तिला दिवसभर चुटपुट लागे.

एकदा काय झालं, तिच्या यजमानांना, साळोजीरावांना, खोकला झाला. तुमच्याआमच्या घरचा खोकला म्हणजे खॉक खॉक, झालं. साळिंदराचं तसं नसतं. ठसका लागला की अंगावरचे दोन-चार काटे सुटतात. एक काटा गेला सशाच्या गाजरात. एक कोल्ह्याच्या शेपटीत. एक तर थेट सिंहमहाराजांच्या गादीत, आणि महाराज तेव्हा गादीवरच होते. हसू नका. महाराजही हसले नाहीत.

"अमावास्येपर्यंत खोकला थांबवा," ते गरजले. "नाहीतर बिऱ्हाड उचला आणि नदीपलीकडे जा!"

नदीपलीकडे नुसता खडक. ना झाड, ना कंद, ना शेजार. साळूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं दिवेलागणीला वैद्य घुबडशास्त्र्यांना बोलावलं. काढ्याला पानं हवीत म्हणून शास्त्र्यांनी दारची तुळस पाहिली आणि ते दचकले.

"उन्हात ठेवता हिला? अहो, ऊन फार वाईट! माझा स्वतःचा अनुभव आहे. उन्हात डोळे उघडत नाहीत, अन्न गोड लागत नाही, वर कावळे टोचतात ते वेगळंच. सावली करा. मग काढ्याचा गुण बघा!"

साळूबाईच्या काळजात चर्र झालं. माउली बाहेर उन्हात उभी, आणि आपण खुशाल गार गुहेत लोळतो! तिनं तिथल्या तिथे वसा घेतला. इकडचा खोकला बरा होईपर्यंत माउलीवर आपल्या हातून उन्हाची तिरीपसुद्धा पडू द्यायची नाही. पळसाच्या पानांचा दाट मांडव घातला.

तुळस उंच झाली. फारच उंच. फिकट, काटकुळी, मान वाकडी करून मांडवाबाहेर डोकावणारी. पान चुरगळलं तर वास यायचा काकडीचा. काढा म्हणजे नुसतं कोमट पाणी. आणि खोकला? तो दिवसादिवसाला बाळसं धरू लागला.

शेजारची अस्वलमावशी कानातला काटा उपटत आली. "साळू, हा काढा आहे की पाय धुतल्याचं पाणी?"

"असं बोलू नये, मावशी. माउली दमलीय. अजून थोडी सावली करते."

"माझी विड्याची वेल बघ, सावलीत कशी माजलीय! पानं तळहाताएवढी. तुझ्या भक्तीतच काहीतरी कमी पडतंय हो."

झालं! साळूबाईनं मांडवावर पानांचा आणखी एक थर चढवला.

साळोजीराव कळवळून म्हणाले, "अगं, अमावास्या आली तोंडावर. तो मांडव काढून तरी बघ!"

"घेतला वसा टाकायला सांगता? शोभतं का तुम्हाला?"

साळोजीरावांना उत्तर द्यायचं होतं. आला ठसका. असा ठसका, की काटे सणसणत वर गेले आणि मांडवाची चाळण झाली.

साळूबाईनं भोकं बुजवली. साळोजीराव खोकले. तिनं पुन्हा बुजवली. ते पुन्हा खोकले. शेवटी पळसावर पान उरलं नाही आणि साळोजीरावांच्या अंगावर काटा उरला नाही. साळूबाईनं हात जोडले. मांडव तर उभाच होता. भोकं तिच्या हातची नव्हती. आणि सौभाग्याचे काटे अडवावेत, असं कुठल्या पोथीत लिहिलंय?

भोकांतून ऊन आलं. तुळशीनं मान सरळ केली. कोवळी पानं फुटली, हिरवीगार. आणि वास असा, की तीन वळणं पलीकडे कोल्हा शिंकला. त्या पानांचा काढा साळोजीरावांच्या घशाखाली उतरला तो थेट टाळूला झिणझिण्या आणून. अमावास्येच्या आदल्या सकाळी खोकला थांबला.

"मी सांगितलंच होतं!" घुबडशास्त्री डोळे मिटून म्हणाले. "सावलीच हवी. पण भोकांची!"

जंगलभर भोकांची टूम निघाली. अस्वलमावशी मागे राहते होय? तिनं विड्याच्या वेलीवरचा मांडव नखांनी फाडला. दोन दुपारींत पानं पोह्याच्या पापडासारखी वाजू लागली. "भोकं सुबक पडली नाहीत," असं तिचं म्हणणं. मग सगळेच साळूबाईच्या दारी लोटले.

"साळोजीराव, जरा आमच्या मांडवावर खोकून द्या ना!"

"खोकला गेला हो," ते गुळगुळीत पाठ खाजवत म्हणाले.

"गेला?" सिंहमहाराज कडाडले. "एवढा सोन्यासारखा खोकला, आणि आम्हाला न विचारता बरा केलात? खबरदार नदीपलीकडे पाऊल टाकाल तर! तो परत येईपर्यंत इथेच राहायचं!"

साळूबाईनं पदरानं डोळे टिपले. वसा फळाला आला होता.

तात्पर्य: तुळशीवर मांडव घालावा, भक्तीनं घालावा, चांगला दाट घालावा. फक्त त्याला भोकं पाडील असा नवरा देवाकडे आधी मागून घ्यावा.