झाडे काकांची सकाळची चौकशी

आमच्या लेआउटात सकाळी कुणी भेटलं की लोक 'राम राम' म्हणतात. झाडे काका म्हणतात, "साफ झालं काय?"

काय साफ झालं, हे उलट विचारायची सोय नाही. आमचं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती, वर्ध्याला लागून सिंदी मेघेत. त्याच्या तोंडाशी एक कडुलिंब आहे, त्याखाली सिमेंटचा बाक. सकाळी सहापासून साडेआठपर्यंत झाडे काका तिथे बसलेले असतात, आणि दुधाला, फिरायला, शाळेत, ऑफिसात निघालेल्या प्रत्येक माणसाला या एका प्रश्नातून पार व्हावं लागतं. आवाज चार प्लॉट पलीकडे जाणारा. बत्तीस वर्षं बस स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या पुकारून पुकारून गळा तयार झालेला. रिटायर झाले, पण चौकशी खिडकी काही बंद झाली नाही.

उत्तर 'नाही' असलं की दुसरा प्रश्न तयार. "लेट हाय का रद्द?"

एक दिवस चुकला तर लेट. दोन दिवस चुकले तर रद्द. तीन दिवस झाले की काका बाकावरून उठतात आणि म्हणतात, "मंग बाप्पा, डेपोतच बिघाड हाय." हे सगळं भर रस्त्यात. बाया पदर तोंडाला लावून दुसऱ्या गल्लीनं जायच्या. माझ्या बायकोचं, वैशालीचं तर आल्या दिवशीच झालं. आम्ही सामानाचा ट्रक घेऊन आलो, ती बिचारी तुळशीची कुंडी कवेत धरून उतरली, आणि काकांनी स्वागत केलं, "नव्या जागेत दोन दिवस होत नाई बरं सूनबाई, घोर करू नको." त्यानंतर ती मागच्या पडक्या कुंपणातूनच ये-जा करू लागली.

निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आला. मागे पन्नास माणसं, पुढे ढोल. रस्ता, नाली, नळ, सगळ्यांची उत्तरं त्याला पाठ. काकांनी त्याला बाकाजवळ थांबवलं आणि तोंडभरून विचारलं, "साफ झालं काय?" उमेदवार गडबडला. पण नेता तो नेता. म्हणाला, "होऊन जाईल काका, फक्त आपला आशीर्वाद पाहिजे." काका समाधानानं मान हलवून म्हणाले, "आशीर्वाद हाय. पण कोमट पाणी पेत जा."

बाकी माणूस सरळ. मूळचे अल्लीपूरचे. घरी ते आणि काकू, दोघंच. पंगतीत बसायचं सोडून ओळीनं ताटं बघत फिरायचे. "ज्वारीची भाकर काऊन नाई घेत बे? अंबाडीची भाजी काय पाहाले ठेवली?" माझ्या मुलीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी रंगपेट्या आणल्या, यांनी दोन किलो पेरू. वर एकेक पोरगं पुढे बोलावून चौकशी. पोरं खूश झाली. एकानं तर रंग, आकार सगळं सविस्तर सांगितलं, आणि त्याच्या आईनं केक न खाताच त्याला घरी नेलं.

एक गोष्ट मात्र आम्हाला नवलाची वाटायची. हा माणूस कुणाला औषध सांगत नसे. आमच्या लेआउटात औषध न सांगणारा माणूस सापडायचा नाही. कुणाजवळ हरड्याचं चूर्ण, कुणाजवळ एरंडेल, कुणाजवळ कुठल्याशा बाबाची पुडी. काका फक्त विचारायचे. आणि एकच नियम सांगायचे, तो स्टँडवर गाडी पुकारल्यासारखा: "लाल दिसलं का थेट सेवाग्राम. मधात थांबा नाई."

लाल म्हणजे रक्त, आणि सेवाग्राम म्हणजे तिथला मोठा दवाखाना. पोरं टवाळी करायची. टमाट्याचा ठेला दिसला तरी ओरडायची, "काका, लाल!" मीही हसायचो. खोटं कशाला सांगू, सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचो.

मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. वय एकोणचाळीस, तब्येत ठणठणीत, आणि स्वभाव असा की आपल्याला सगळं कळतं असं वाटणारा. सकाळच्या कॉलेजला जाताना टपरीवर झणझणीत रश्शाचे तर्री-पोहे हाणायचे, वरून दुसऱ्यांदा तर्री मागायची, हा माझा नेम.

होळीच्या सुमारास मला लाल दिसलं.

पहिल्या दिवशी म्हटलं, बीट खाल्लं असेल. आमच्या घरी बीट येत नाही. मग म्हटलं, उष्णता. आमच्याकडे हे एक बरं आहे. वर्ध्याच्या उन्हाळ्यावर काहीही ढकलता येतं. नाकातून रक्त आलं, उष्णता. डोकं दुखलं, उष्णता. मग हेही उष्णताच. मी गुपचूप सब्जा भिजवला, गुलकंदाची बरणी आणली, ताक सुरू केलं, तर्री सोडली. जून गेला, जुलै गेला, गच्चीवर शेवाळ आलं, तरी माझी उष्णता काही उतरेना. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला. वैशाली म्हणाली, छान बारीक झालात. मी म्हटलं, हो, डायटिंग. मोबाइलवर एकदा शोधून पाहिलं. दोन ओळी वाचल्या आणि मोबाइल उलटा ठेवला. कॅन्सर म्हाताऱ्यांना होतो, असं स्वतःला सांगितलं. गणिताच्या मास्तरनं पुरावा न मागता मान्य केलेलं ते एकच विधान असावं.

आणि रोज सकाळी बाकावरून प्रश्न यायचा, "काय सरजी, साफ झालं काय?"

"एकदम साफ, काका." रोज खोटं बोलायचो. सांगितलं असतं तर लेआउटभर झालं असतं, ही भीती. रक्तापेक्षा मला लोकांची भीती जास्त होती, हे आज लिहायलाही लाज वाटते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं नाही. मी समोर आलो तसं हातानं बाकावर बसायची खूण केली. मग चक्क हळू आवाजात बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

"तू साडेसहाले इथून जात होता. मंग पावणेसात झाले, आता सात वाजते. टपरीवाला म्हणे, होळीपासून सरनं तर्री सोडली. माणूस असा उगाच सुधरत नाई रे. भ्याला का सुधरते. लाल दिसते काय?"

मी म्हटलं, "उष्णता आहे काका."

ते उठले, घरून जुनी मोपेड काढून आणली, आणि मला म्हणाले, "बस." सरजीचं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. मी कॉलेजचं सांगितलं, तास सांगितला. ते मोपेड चालू ठेवून नुसते उभे राहिले. बसलो.

सेवाग्रामच्या दवाखान्यात ही गर्दी. माझा नंबर बराच मागे होता. तासाभरानं माझी हिंमत संपली. समोर एक माझ्यापेक्षाही लहान पोरगा बापाच्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता, तो मला बघवेना. मी उठलो. म्हटलं, "काका, मूळव्याध असेल. जाऊ घरी. पुढच्या आठवड्यात येऊ."

काकांनी माझी बाही धरली. माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"माहा प्रशांतबी असाच होता. तेहतीस वर्षांचा."

प्रशांत, काकांचा मुलगा, पुण्याला नोकरीला होता आणि पोटाच्या आजारानं गेला, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षं झाली त्याला. माहीत होतं, आणि तरी आमच्यातल्या एकानंही त्याचा बाकावरच्या त्या प्रश्नाशी संबंध लावला नव्हता.

"दिवाळीले आलता," काका म्हणाले. "जेवाले बसलो दोघं. म्हणे, बाबा, मले काही दिवसांपासून संडासच्या वक्ती रक्त... मी त्याले तिथंच थांबवलं. म्हटलं, ताटावर बसून घाणेरड्या गोष्टी काढू नको. आमच्या घरी तशी रीतच नोती. तो गप बसला. भाकर खाल्ली. मंग त्यानं कधी गोष्ट काढली नाई, आन मीबी विचारलं नाई. म्हटलं असन उष्णता, पोरगा बाहेरचं खाते. डॉक्टरकडे गेला तवा लय उशीर झालता. पुढच्या दिवाळीले तो नोता."

मी खाली बसलो.

"बत्तीस वर्षं मी लोकाइच्या गाड्याइची चौकशी केली रे. घरच्या पोराची येकदा केली नाई. मले लाज वाटे. संडास शब्द मी तुह्या काकूपुढं बोलत नोतो." त्यांनी माझी बाही सोडली. "आता जाचं असन तर जाय."

मी गेलो नाही. नंबर आला. डॉक्टर तिशीची एक मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीसारखी. तिनं विचारलं, किती दिवस, किती रक्त, कसं. मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो. मागून काका म्हणाले, "लाजू नको. तिचा धंदाच हाय तो." मग मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हल्ली तुमच्या वयाचे बरेच येतात सर. आणि प्रत्येक जण उष्णताच म्हणतो."

तपासणी दुर्बिणीची होती. आदल्या दिवशी पोट रिकामं करायला औषध घातलेलं पाणी प्यायचं असतं, ते किती आणि कसलं हे मी सांगत नाही. दिवसभर काका आमच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मी बाहेर आलो की विचारायचे, "कितवी?"

"नववी, काका."

"येऊ दे. आज जादा गाड्या सोडल्या हायत." वैशाली स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसत होती आणि रडतही होती. त्या दिवसापासून तिचं मागचं कुंपण बंद झालं.

आतड्यात एक गाठ निघाली. पॉलिप म्हणतात तिला. दुर्बिणीतूनच काढली, तपासायला पाठवली. रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी मुलीला रोज स्वतः शाळेत सोडलं. रिपोर्ट घ्यायलाही काकाच सोबत होते. डॉक्टरीणबाई म्हणाली, अजून कॅन्सर झालेला नव्हता, पण गाठ त्या वाटेला लागलेली होती. आणखी दोन-तीन वर्षं उष्णता म्हणत बसला असता तर बोलणं वेगळं झालं असतं. आता ठरलेल्या तारखांना येऊन दाखवत राहायचं. काकांनी तिला दोनदा विचारलं, "म्हंजे वाचला ना हा?" ती हो म्हणाली, तेव्हा ते बाहेर जाऊन व्हरांड्यात एकटेच उभे राहिले.

पुढच्या सोमवारी मी नेहमीसारखा निघालो. काका बाकावर होते, चौकशी सुरू होती. दूधवाल्याला झालं, पेपरवाल्याला झालं, शाळेच्या दोन बाईंना झालं. मी उभा राहून बघत होतो. आणि तेव्हा लक्षात आलं की सहा वर्षांत या माणसाला उलट कुणी विचारलेलं नाही.

मी जवळ गेलो. "काका, तुमचं साफ झालं काय?"

त्यांनी आधी हसून सोडलं. मी हललो नाही. मग मान खाली घालून म्हणाले, "नाई."

"लेट हाय का रद्द?"

"प्रशांत गेला तवापासून कधी टायमावर नाई." आणि पुढे म्हणाले, "लाल नाई पण. मी पाह्यतो रोज."

मी घरून माझी स्कूटर आणली. काका म्हणाले, आता मले काय कराचं हाय तपासून. मी स्कूटर चालू ठेवून नुसता उभा राहिलो. ही पद्धत मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. काकू बाकासमोरच्या आपल्या फाटकात आल्या. कुठं चालले म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्या आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि काकांचं आधार कार्ड. म्हणाल्या, "ताटावर बसले का घास उतरत नाई त्याहिले. सहा वर्षं झाले सांगून राह्यली मी. नेजो बाबू."

तीच डॉक्टरीण होती. तिनं काकांना समोर बसवलं आणि साधेपणानं विचारलं, "काय काका, पोट साफ होतं का?"

सगळ्या लेआउटला भर रस्त्यात हे विचारणारा माणूस कानापर्यंत लाल झाला. धोतराचा काठ चाचपू लागला. माझ्याकडे बघून बाहेर जा अशी खूण करू लागला.

मी म्हटलं, "लाजू नका काका. तिचा धंदाच हाय तो."

मग ते बोलू लागले. बराच वेळ बोलत होते. पोटाचं त्यात थोडंच होतं. बाकी सगळं प्रशांतचं होतं. त्याला लहानपणी अंबाडीची भाजी आवडत नसे इथपासून. बाहेर रांग वाढत होती. डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं होतं, आणि ती ऐकत होती.